आजार होता, बरं. पुढं?
(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातलं भाषण)



मला विषय दिलाय दवाखाना आणि मरणानंतरची चौकशी. विषय कोरडा आहे. यावर घोषणा देता येत नाही, टाळीही पडायची नाही. पण मोर्चात पुढं चालणाऱ्या पोरांना हा विषय आला नाही, तर उद्या आपल्याच माणसाचं प्रेत दारात येईल आणि सोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येणार नाही. म्हणून आज घोषणा बाजूला ठेवू आणि कागद वाचू.

सुरुवात परभणीपासून. १० डिसेंबर २०२४. परभणीच्या रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्याच्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद. बंदला हिंसक वळण लागलं आणि मग धरपकड सुरू झाली. त्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी सापडला. वय ३५. वडार समाजातला, वकिलीचं शिकणारा. आधी पोलिस कोठडी. १४ डिसेंबरला न्यायालयीन कोठडी. १५ डिसेंबरला मेला.

पहिली बातमी फुटली ती काय? छातीत दुखलं. हार्ट अटॅक आला. झालं, विषय मिटला!

पण प्रेत घाटीत गेलं. घाटी म्हणजे आपल्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा सरकारी दवाखाना. तिथं डॉक्टरांच्या पथकानं इन-कॅमेरा पोस्टमॉर्टेम केलं आणि प्राथमिक कारण लिहिलं : अनेक जखमांमुळे आलेला शॉक. हा शॉक म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे. अंगातलं रक्ताभिसरण कोसळतं, अवयवांना रक्त पोचत नाही, त्याला डॉक्टर शॉक म्हणतात. आणि तो कशानं? तर जखमांनी.

यानंतर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उभे राहिले. त्यांनी सांगितलं की सोमनाथला श्वसनाचा आजार होता, सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, त्यानं न्यायाधीशांपुढं तक्रार केली नव्हती. न्यायालयीन चौकशी आणि दहा लाखांची मदतही जाहीर केली.

आता नीट ऐका. एका कागदावर जखमा, दुसऱ्या तोंडात आजार. इथं आपली पोरं पटकन एक गोष्ट करतात. उठून म्हणतात, 'त्याला काहीच आजार नव्हता, एकदम ठणठणीत होता!' मी म्हणतो, हे भांडण करूच नका. समोरच्यानं आखलेल्या मैदानात कशाला उतरता? आजार होता म्हणता? बरं, होता. पुढं?

पुढं कायदा आहे. आणि हा कायदा काही आपल्या बापानं लिहिलेला नाही, इंग्रजांनी लिहिलाय. १८६० ची भारतीय दंड संहिता, कलम २९९, स्पष्टीकरण पहिलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये आलं. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा : समोरचा माणूस आधीच रोगी आहे, दुबळा आहे, आणि तुम्ही त्याच्या अंगावर इजा करून त्याचं मरण अलीकडं ओढलं, तर ते मरण तुम्हीच घडवलं असं धरलं जाईल. दुसरं स्पष्टीकरण तर आणखी सरळ आहे. इजेनं माणूस मेला, तर 'चांगला उपचार मिळाला असता तर वाचला असता' असं म्हणून इजा करणाऱ्याला हात झटकता येत नाहीत.

म्हणजे आजार ही ढाल नाही. उलट आजारी माणसाला हात लावणाऱ्याची जबाबदारी वाढते. दमेकऱ्याच्या छातीवर लाथ बसली आणि तो मेला, तर दमा आरोपी होत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा हे जाणतो. विधानसभेत वकिली शिकलेली माणसं कमी नाहीत, तरी 'आजार होता' हे वाक्य उत्तर म्हणून खपतं. कारण ऐकणाऱ्यानं कायदा वाचलेला नसतो.

दुसरा कागद. दवाखान्यात माणूस मेला की डॉक्टर मरणाच्या कारणाचं प्रमाणपत्र भरतो, नमुना क्रमांक ४. त्या नमुन्यावरच छापलंय की मरणाचं कारण म्हणून 'हृदय बंद पडलं' असलं काही लिहू नका, ते कशामुळं झालं तो रोग किंवा ती इजा लिहा. साधी गोष्ट आहे. मरताना हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. फाशी दिलेल्याचंही पडतं, विहिरीत बुडालेल्याचंही पडतं. तरीसुद्धा आपल्या किती घरांत 'हृदयक्रिया बंद पडून' असं लिहिलेले कागद पत्र्याच्या पेटीत पडलेत, ते जाऊन बघा.

माझा मामा खडी केंद्रावर होता. वीस वर्षं दगडाची धूळ खाल्ली. शेवटी दोन पावलं चालला तरी धाप लागायची. एका सरकारी दवाखान्यात त्याला तीनदा नेलं. केसपेपरवर तिन्ही वेळा लिहिलं, दमा. गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. काय काम करतोस, कुठं करतोस, हे कुणी विचारलं नाही. मामा गेला. मामी म्हणाली, 'त्याच्या नशिबातच दमा व्हता.' नशीब नव्हतं मामी, खडी केंद्र होतं. पण कागदावर मालक नाही, मशीन नाही, धूळ नाही. फक्त दमा. आजार हा शब्द असा वापरला की सगळे सुटतात आणि मेलेला एकटा अडकतो.

हे एकट्यादुकट्याचं नाही. परभणीचा गंभीर पेशंट जिथं हलवतात, त्या शेजारच्या नांदेडला बघा. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यांतली १२ नवजात लेकरं. उत्तर काय मिळालं? पेशंट लांबून आले, शेवटच्या अवस्थेत आले. आले असतील. पण माणूस शेवटच्या अवस्थेपर्यंत आपल्या तालुक्यात का थांबला? अगोदरच्या दवाखान्यात डॉक्टर, औषध, काचेची पेटी होती का? 'उशिरा आले' हे मरणाचं कारण नाही. चौकशी तिथून सुरू व्हायला पाहिजे, तिथं संपायला नको. मुंबई उच्च न्यायालयानं त्या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, ती काही उगाच नाही.

आणि ज्याच्या कोठडीची किल्लीच सरकारच्या हातात आहे, त्याचं काय? स्टॅन स्वामी. ८३ वर्षांचा म्हातारा, कंपवाताचा रोगी. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक, तळोजा तुरुंग. हात इतके थरथरायचे की पेला धरवत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा म्हणून नोव्हेंबरात कोर्टाकडं अर्ज करावा लागला! ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या दवाखान्यात ते गेले, जामिनाची वाट बघत. आजार होताच. तो कुणी नाकारला? पण बाहेरचा आजारी माणूस स्वतःच्या पायानं डॉक्टर गाठू शकतो. आतला गाठू शकत नाही. त्याचा डॉक्टर, त्याचं औषध, त्याची रात्रीची हाक, सगळं सरकारच्या ताब्यात असतं. मग त्याच्या मरणाचा हिशोबही सरकारनंच द्यायचा.

कुणी म्हणेल, हे लोक आजारच मानत नाहीत. मानतो. सोमनाथच्या अंत्यविधीच्या दिवशीच, १६ डिसेंबरला, परभणीतले चळवळीचे जुने नेते विजय वाकोडे गेले. हृदयविकारानं गेले, आणि हे आम्हीच सांगतो. आजारानं मेलेला माणूस कसा असतो ते आम्हाला चांगलं कळतं. म्हणूनच जखमांना आजार म्हणून आमच्या गळ्यात मारू नका.

आता कामाचं. वह्या काढा.

एक. अटक झाली की अंगावरच्या लहान-मोठ्या जखमांची नोंद मागा. त्या कागदावर अटक झालेल्याची सही आणि त्याला त्याची प्रत. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच हे सांगितलंय. माणसाला दमा, साखर, मिरगी, काय असेल ते पहिल्याच दिवशी वकिलामार्फत कोर्टात लेखी द्या. म्हणजे उद्या 'आम्हाला म्हाईत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही, आणि 'आजारानंच मेला' हेही सोपं राहत नाही. आजार माहीत होता ना? मग औषध दिलं का, दाखवा.

दोन. कोठडीत मृत्यू झाला तर चौकशी पोलिसांनीच करून भागत नाही. २००५ च्या दुरुस्तीनं ती न्यायदंडाधिकाऱ्याकडं गेली. पूर्वीचं कलम १७६ (१-अ), आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९६. या चौकशीची खबर नातेवाइकांना द्यायची, त्यांना हजर राहू द्यायचं, असं त्याच कलमात आहे. हजर राहा. रडायला घर आहे, तिथं ताठ बसून ऐका.

तीन. मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवलं का, हे विचारा. हा आदेश १९९३ चा आहे. पोस्टमॉर्टेमचं चित्रीकरण झालं का, विचारा. त्याची सूचना १९९५ ची आहे.

चार. केसपेपर, पी. एम. रिपोर्ट, सगळ्याच्या प्रती लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाची पोच घ्या. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे.

पहिल्या दिवसाच्या कागदाला एवढं महत्त्व का? खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. चार माणसं मारली. पहिल्या पोस्टमॉर्टेममध्ये इतकी हयगय झाली की पुरलेली प्रेतं उकरून पुन्हा तपासावी लागली. तोवर पुरावा मातीत गेला होता. पहिल्या तपासणीत जे टिपलं नाही, ते पुढं कुठल्याच कोर्टाला दिसत नाही.

परभणीत काय झालं तेही बघा. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीनं पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नोंदेना. सोमनाथची आई विजयाबाई उच्च न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवा असा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथंही सरकारची याचिका फेटाळली गेली. एक साधा गुन्हा नोंदवा, एवढं ऐकून घ्यायला एका आईला साडेसात महिने! दोषी कोण ते खटल्यात ठरेल. पण खटला उभा राहतोय तो दोन कागदांवर. घाटीच्या डॉक्टरांनी जखमांना जखमा म्हटलं तो एक. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल हा दुसरा. आणि या दोन्ही कागदांमागं एक बाई हटून उभी राहिली.

मित्रांनो, प्रत्येक वस्तीत दोन पोरं, दोन पोरी अशा तयार करा की ज्यांना हे कागद वाचता येतात. मेडिकलला गेलेली आपली पोरं आहेत, लॉ करणारी आहेत, सिव्हिलमध्ये नर्स, वॉर्डबॉय म्हणून खपणारी आपलीच माणसं आहेत. त्यांना एकत्र बसवा. मयताच्या घरी भाषण करायला जाऊ नका, पेन घेऊन जा. आणि कुणी साहेब येऊन हळू आवाजात म्हणाला, 'त्याला आधीपासून आजार होता हो', तर आवाज न चढवता एवढंच विचारा : होता, बरं. पुढं?

जय भीम!