नाव मुंबईचं, जन्म केंटकीचा

बंगळूरमध्ये आता मांजरांचीही प्रदर्शनं भरतात. हॉलमध्ये ओळीनं पिंजरे, पिंजऱ्यांना पडदे, आत मऊ गादी आणि गादीवर जांभया देत पडलेले स्पर्धक. परीक्षक एकेकाला टेबलावर घेतात. दोन्ही हातांवर आडवं लांबवून अंगाची ठेवण बघतात, शेपटीवरून बोटं फिरवून कुठे गाठ लागते का ते चाचपतात, बाजूनं चेहरा बघतात आणि शेवटी समोर एक पीस नाचवतात. झडप पिसावर बसली तर मांजर खेळकर. परीक्षकाच्या मनगटावर बसली, तर पुढचा नंबर.

बघायला आलेल्यांची गर्दी बहुतेक पर्शियनभोवती. ‘पंच फेस की डॉल फेस?’ हा बाजारातला पहिला प्रश्न. नाक आत बसलेलं ते पंच फेस, जरा वर आलेलं ते डॉल फेस. पण पर्शियन पाळायचं म्हणजे रोज कंगवा हातात घ्यायचा. चार दिवस चुकले की काखेत केसांच्या गाठी. सकाळी ट्रॅफिक, मग ऑफिस आणि संध्याकाळी पुन्हा ट्रॅफिक असा दिवस काढणाऱ्या बंगळूरकराला ते झेपतंच असं नाही. म्हणून आज बोलायचं ते आखूड केसांच्या, कागदोपत्री वंशावळ असलेल्या मांजरांबद्दल. या मंडळींच्या नावांत आपल्या शेजारपाजारचा निम्मा भूगोल सापडतो. जन्मगाव विचारलं तर मात्र ती भलतीकडेच बोट दाखवतात.

बॉम्बेच घ्या. नखशिखांत काळं मांजर; नाक काळं, पंजांच्या गाद्याही काळ्या. केस इतके आखूड आणि अंगाशी बसलेले, की नुकताच पॉलिश करून ठेवलेला बूट आठवावा. त्या काळ्यात दोन डोळे तांब्याच्या नव्या पैशासारखे. हे मांजर गिरगावात जन्मलं नाही, भायखळ्यातही नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिल शहरी, निकी हॉर्नर नावाच्या बाईंनी १९५०च्या दशकात ते घडवायला घेतलं. त्यांना घरात सांभाळता येईल असा काळा बिबट्या हवा होता. गडद तपकिरी बर्मीज आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या जोड्या लावायच्या, पिलं निवडायची, पुन्हा जोड्या लावायच्या, यात त्यांची वर्षं गेली. अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशननं १९७६ साली या जातीला पूर्ण स्पर्धकाचा दर्जा दिला. काळा बिबट्या भारतातला, म्हणून मांजराचं नाव बॉम्बे. मुंबईत काळे बिबटे नेमके कुठे हिंडतात, हे बाईंना कुणी विचारलं नसावं.

खरा काळा बिबट्या बघायचा तर बंगळूरहून काबिनीला जावं लागतं. नागरहोळेच्या त्या जंगलातल्या एका काळ्या नराला सफारीवाल्यांनी ‘साया’ असं नावच देऊन टाकलं. त्याच्या अंगावर उन्हाची तिरीप पडली की काळ्याखालचे ठिपके उमटतात. काळ्या मांजराच्या पिलांना खिडकीत धरून बघा, तिथेही पुसट पट्टे दिसतील. कारण एकच. काळा रंग हे वरचं पांघरूण आहे. खालची नक्षी शाबूत असते. बिबट्यात आणि घरच्या मांजरात हा काळेपणा एकाच जनुकातल्या बिघाडानं येतो, बिघाड तेवढे वेगवेगळे. आणि तो आई-बाप दोघांकडून मिळाला तरच पिलू काळं होतं. रंग बिबट्याचा असला तरी बॉम्बेचा स्वभाव मात्र अगदी घरकोंबड्याचा. माणूस स्वयंपाकघरात गेला की हे पाठोपाठ स्वयंपाकघरात, माणूस बसला की हे मांडीवर.

दुसरं फसवं नाव बेंगॉल. बंगळूरच्या जाहिरातींत सध्या याचा बराच बोलबाला आहे. सोनेरी अंगावर बिबट्यासारखी फुलं, पोटावरही ठिपके, आणि केसांवर अशी चमक, की बारीक जर शिंपडली आहे असं वाटावं. याचं मूळ मात्र खरंच रानातलं. लेपर्ड कॅट नावाचं लहानसं रानमांजर आशियाभर आहे. आपल्या सह्याद्रीत आहे, कोडगूच्या कॉफीमळ्यांच्या कडेलाही आहे. १७९२ साली रॉबर्ट कर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन करताना त्याला ‘बेंगालेन्सिस’ म्हटलं. तिथून ‘बेंगॉल’ आलं. अमेरिकेत जीन मिल यांनी १९६०च्या दशकात त्याचा घरच्या मांजराशी संकर करून पाहिला, मग अनेक वर्षं तो विषय मागे पडला. १९८०च्या सुमारास त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणारे डॉ. विलर्ड सेंटरवॉल यांच्याकडच्या संकरित माद्या त्यांना मिळाल्या.

माद्या मिळाल्या, पण बोके कुठून आणायचे? पहिल्या पिढीतले संकरित बोके वांझ निघतात. बाहेरचं चांगलं रक्त हवं होतं. आणि इथे गोष्ट दिल्लीला येते. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात एक भटकं पिलू राहत होतं. रंग तांबूस, अंगावर गडद ठिपके आणि केसांवर ती झळाळी. जीन मिल यांनी ते पाहिलं, अमेरिकेला नेलं आणि नोंदवहीत त्याचं नाव लिहिलं ‘मिलवुड टोरी ऑफ दिल्ली’. आजच्या बेंगॉलच्या अंगावरची ती प्रसिद्ध झळाळी या गेंड्याच्या शेजाऱ्याकडून आली, असं मानतात. म्हणजे बंगळूरचा एखादा हौशी माणूस परदेशी वंशावळ बघून ज्या चकाकीसाठी पैसे मोजतो, ती मुळात दिल्लीच्या गल्लीतली. एक सांगून ठेवायला हवं. रानातलं लेपर्ड कॅट पकडून घरात ठेवणं आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बेंगॉल म्हणजे ते नव्हे.

बेंगॉल पाळणं सोपं नाही. हे मांजर कपाटाच्या माथ्यावर राहतं आणि त्याला पाण्याचं वेड असतं. नळाची धार पंजानं अडवेल, बादलीत हात घालेल, सिंकमध्ये बसून राहील. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या सोसायटीत ही हौस महागात पडते.

तिसरी गोष्ट मुंबई बंदरातून सुटते. ॲबिसिनियाचा राजा टेवोड्रोस यानं इंग्रज माणसं कैदेत टाकली, म्हणून १८६७ साली ब्रिटिश सरकारनं त्याच्यावर फौज धाडली. सेनापती सर रॉबर्ट नेपियर, मुंबई लष्कराचे प्रमुख. फौज मुंबईहून निघाली, बरोबर हत्तीसुद्धा होते, आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर झूला नावाच्या जागी उतरली. लढाई आटोपल्यावर १८६८ मध्ये कुणा अधिकाऱ्याच्या सामानातून ‘झूला’ याच नावाचं एक मांजर इंग्लंडला पोचलं म्हणतात. १८७४ सालच्या एका पुस्तकात त्या मांजराचं चित्र आहे. तेव्हापासून या जातीला ॲबिसिनियन म्हणतात. केस आखूड, आणि एकेका केसावर दोन-तीन रंगांचे पट्टे, त्यामुळे सगळं अंग सशासारखं दिसतं. कान मोठे, पाय लांब, आणि प्रत्येक उघड्या कपाटात आधी डोकं घालायची सवय. पण हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात अशाच अंगाचं एक पेंढा भरलेलं मांजर आहे. ते १८३० च्या दशकातलं, म्हणजे त्या लढाईच्या कितीतरी आधीचं. त्याच्या चिठ्ठीवर मायदेश लिहिला आहे, भारत.

सयामीचं नाव मात्र खरं आहे. १८८४ मध्ये बँकॉकचे ब्रिटिश अधिकारी एडवर्ड गूल्ड यांनी फो आणि मिआ ही जोडी बहिणीकडे इंग्लंडला नेली, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात सयामी मांजरं झळकली. लोकांना बसायचा होता तो धक्का आधीच, १८७१ च्या पहिल्या प्रदर्शनात बसून गेला होता. सायीच्या रंगाचं अंग, पण तोंड, कान, पाय, शेपूट काळपट. हा रंग तापमानानं ठरतो. केस काळे करणारं सयामीच्या अंगातलं रसायन गरम जागी काम करत नाही, थंड जागी करतं. आईच्या पोटातली ऊब सोडून पिलू बाहेर येतं तेव्हा पांढरंच असतं. मग हळूहळू कान-शेपटीसारखी गार टोकं काळवंडतात. रशियात १९३० च्या सुमारास संशोधकांनी सयामीच्या अंगावरचे केस कापून मांजर थंडीत ठेवलं, तेव्हा त्या जागी काळे केस उगवले. बंगळूरमध्ये हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. मादीचं ऑपरेशन कुशीतून करताना डॉक्टर तिथले केस काढतात, आणि काही दिवसांनी घरची मंडळी घाबरून फोन करतात, ‘डॉक्टर, टाक्यांजवळ काळा डाग आलाय!’ उघडी राहिलेली कातडी गार पडली, इतकंच. पुढे केस बदलले की डाग जातो.

सयामी बोलतं. म्यांव म्हणून थांबत नाही, उत्तर येईपर्यंत बोलत राहतं, आणि आवाज लहान मुलाच्या रडण्यासारखा. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना आधी कल्पना दिलेली बरी.

याच्या अगदी उलट ब्रिटिश शॉर्टहेअर. गोल डोकं, गोल डोळे, फुगलेले गाल, बुटके पाय, आणि केस इतके दाट की बोट घातलं तर मखमलीत रुतावं. मांजरवाल्यांच्या भाषेत करड्याला ‘ब्लू’ म्हणतात, तेव्हा ब्लू ब्रिटिश घरी आलं म्हणून निळं काही शोधू नये. हे मांजर घरभर धावत नाही, कडेवर घेतलेलं त्याला रुचत नाही; शेजारी बसेल, पण आपल्या मर्जीनं. हे नुसतं मालकांचं कौतुक नाही. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी ५,७२६ मांजरांच्या मालकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. माणसाच्या अंगाशी येणं टाळण्यात ब्रिटिश शॉर्टहेअर सगळ्यांत पुढे निघालं. परक्यांना बुजण्यात रशियन ब्लू पहिलं. स्वभावात वंशाचा वाटा किती, हा हिशेब त्यांनी तीन जातींवर मांडला, तो सुमारे ४० ते ५३ टक्के आला. उरलेला निम्मा वाटा घराचा. त्यातही सर्वांत मोलाचे दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे आठवडे. त्या दिवसांत माणसाच्या हातात न आलेलं पिलू कितीही उंची जातीचं असो, पुढे सोफ्याखालीच राहतं. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटच्या आसपास पिंजऱ्यातून विकायला ठेवलेल्या पिलांना हे आठवडे कसे मिळाले असतील, याची कल्पना करावी.

आणि एका जातीबद्दल स्पष्टच बोलायला हवं. स्कॉटिश फोल्डचे दुमडलेले कान फोटोत फार गोड दिसतात. १९६१ साली स्कॉटलंडच्या एका शेतावर सूझी नावाच्या मांजरीला असे कान होते, तिथून ही जात निघाली. पण कान दुमडवणारं जनुक सगळ्या अंगातली कूर्चा बिघडवतं. सांधे सुजतात, शेपूट ताठरते, मांजर उडी मारायचं सोडतं. ब्रिटनच्या नोंदणी संस्थेनं १९७० च्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. ‘शांत स्वभाव’ म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा दुखणं असतं. हौसेपायी विकत घेऊ नये असं हे एक मांजर.

बंगळूरच्या घरात यांतलं कुठलंही आलं तरी दोन गोष्टी लागतात. पहिली, बाल्कनीला जाळी. कबुतरांसाठी लावतात तीच चालते, फक्त खालची कड पक्की हवी. १९८७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास केला, त्यांतल्या उपचार झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली. त्यावर विसंबू नये. वाचलेल्यांची छाती बहुतेकदा जायबंदी होती. दुसरी, दूध. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूधभात, आणि इथे दारात रोज सकाळी नंदिनीची पिशवी असतेच. मोठ्या मांजराच्या पोटाला दुधातली साखर पचत नाही, मग लिटर बॉक्सची अवस्था बघवत नाही. दुधाऐवजी पाणी, आणि ताटलीत मांस-मासळीचं खाणं.

प्रदर्शनात आणखी एक रांग असते, वंशावळ नसलेल्या घरच्या मांजरांची. तिथे परीक्षक आई-बापाचं नाव विचारत नाहीत. डोळे स्वच्छ आहेत का, अंग भरलंय का, हाताळू देतं का, एवढंच बघतात. आणि आता ठिपक्यांच्या आपल्या देशी मांजरांनाही ‘इंडिमाऊ’ या नावानं वर्ल्ड कॅट फेडरेशनची मान्यता मिळाली आहे. टोरीचे भाऊबंदच म्हणायचे. मल्लेश्वरमच्या एखाद्या गल्लीत, उन्हात तापलेल्या स्कूटरच्या सीटवर असं एक ठिपक्यांचं मांजर दुपारभर पडलेलं असतं. कन्नडमध्ये ‘बा बा’ म्हणा किंवा मराठीत ‘ये ये माऊ’. ते एक डोळा उघडतं, बघतं आणि मिटून घेतं.