जोहार आणि नमस्कार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जो विषय दिला, तो 'तरुण पिढीतील विनयाचा ऱ्हास' असा आहे. विषय ऐकून आम्हांला थोडे हसू आले. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा म्हणजे हिराचंद नेमचंद वाचनालयातील वर्तमानपत्रे आणि अशाच व्याख्यानांची मागची रांग. मागावरची पाळी संपवून आम्ही थेट सभेला येत असू. अंगावर कापसाचे तंतू तसेच असत. पुढच्या खुर्च्यांवरील वडीलधारी मंडळी मधूनच मागे वळून आमच्याकडे पाहत, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हाच विषय असावा! आज आमची पन्नाशी उलटली आहे, आम्ही व्यासपीठावर आहोत, आणि तरुणांविषयी तक्रार करण्याचा अधिकार न मागता आमच्याकडे चालून आला आहे.

तक्रारीत काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. आपण सारे डोळ्यांनी पाहतो. एस. टी. च्या गाडीत म्हातारी बाई दांडा धरून उभी असते आणि शेजारच्या बाकावर धडधाकट पोरगा मोबाईलमध्ये मान घालून बसलेला असतो. तोच मोबाईल साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात वाजत असतो. रस्त्याने जाणाऱ्या मुलीला ऐकू जाईल असे काहीतरी बोलणे, यात काही टोळक्यांना पराक्रम वाटतो. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती रुग्णालयापुढून जातानाही गप्प बसत नाहीत. हे वाईट आहे, आणि ते वाईटच म्हटले पाहिजे. मात्र त्या भिंतींना वर्गणी कोणी दिली आणि मिरवणुकीच्या फलकावर छायाचित्रे कोणाकोणाची आहेत, एवढे पाहून मग पोरांना बोल लावावा.

आता आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. सांगताना बरे वाटत नाही, परंतु ती वगळून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

चार-पाच वर्षे झाली असतील. संघटनेच्या कचेरीत आम्ही दोघेतिघे जुने कार्यकर्ते बसलो होतो. विशीतला एक पोरगा चपलांसह आत आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ओ, इथं थकलेल्या पगाराचं बघतात काय?" असे त्याने उभ्याउभ्याच विचारले. आम्ही चौकशी करू लागलो, तर त्याचे लक्ष हातातल्या मोबाईलवर. अंगठा सारखा वरखाली चाललेला. आमचे डोके फिरले. "आधी ते यंत्र खाली ठेव. मोठ्या माणसांशी बोलायची ही रीत काय? घरी कोणी शिकवलं नाही?" असे आम्ही त्याला सुनावले. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मोबाईल खिशात टाकला आणि तो निघून गेला. मागे राहिलेल्या आम्ही मंडळींनी आजकालच्या पोरांवर अर्धा तास चर्चा केली.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका कामगाराकडून खरी हकीगत कळली. पोराची अडीच महिन्यांची मजुरी थकली होती. हजेरीच्या वहीची पाने त्याने मोबाईलवर टिपून ठेवली होती. आमच्यापुढे उभा असताना तो तीच पाने शोधत होता, आम्हांला दाखवण्यासाठी! आमच्याकडून गेल्यावर त्याने धीर सोडला. 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर सही करून जेमतेम तिसरा हिस्सा घेतला आणि ते काम सोडले. सही झाल्यावर आमच्या हाती फारसे काही उरले नाही.

आम्ही त्याच्या घरी गेलो. एकच खोली. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होती. घरात एकच खुर्ची होती, ती त्याने बाहीने पुसून आमच्यापुढे ठेवली आणि स्वतः उभा राहिला. त्या दिवशी आमच्या कचेरीत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि आम्ही त्याला 'बस' असेही म्हटले नव्हते. आम्ही म्हणालो, "आमची चूक झाली." तो म्हणाला, "असू द्या, काका. सवय आहे."

ही 'सवय' कोणी लावली, हा आजचा खरा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते.

विनय दोन प्रकारचा असतो. एक खालून वर जाणारा आणि दुसरा समोरासमोर होणारा. आपल्या खेड्यापाड्यांत महार समाजाच्या माणसाने वरच्या म्हणवणाऱ्यांपुढे वाकून 'जोहार मायबाप' म्हणावे, अशी रीत होती. उलट जोहार कोणी करीत नसे. वतनाच्या नावाखाली राबवून घ्यायचे, आणि राबणाऱ्यानेच वाकायचे. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतील तरुणांनी जोहार टाकला आणि ताठ मानेने 'जय भीम' म्हणायला सुरुवात केली. त्या वेळी गावोगावी काय म्हटले गेले असेल? 'पोरे माजली, मोठ्यांचा मान राहिला नाही,' हेच ना? कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. पण त्याच्या कितीतरी आधी त्या पोरांनी आपल्या पाठीचा कणा सरळ करून घेतला होता. 'जोहार'ला 'जय भीम' हे उत्तर येत नाही. 'जय भीम'ला मात्र 'जय भीम' हेच उत्तर येते. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

याच सोलापुरात मे १९३० मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. झेंडा घेऊन निघणे हाही तेव्हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतले, आणि कामगारांत काम करणारे. सरकारच्या दृष्टीने ही सारी उद्धट माणसे. आपण त्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. तेव्हा मान न वाकवणे म्हणजे उद्धटपणा, अशी व्याख्या निदान सोलापूरकरांनी तरी करू नये.

समोरासमोरचा विनय कसा असतो, हे शिकायला आपल्याला दूर जावे लागत नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. वारकरी एकमेकांना भेटले की दोघेही वाकतात, दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात. वय, जात, पैसा यांचा हिशेब तेवढ्यापुरता तरी थांबतो. आपल्या शहराची बोलीही तशीच आहे. मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा इथे एका गल्लीत नांदतात. कानडी माणूस शब्दाच्या शेवटी 'री' लावतो, तेलुगू माणूस 'अंडी' लावतो, उर्दूत 'जी' येते. आमचे वडील गिरणीत होते. पाळी बदलताना ते शेजारच्या विणकराला तेलुगूत हाक मारीत आणि तो यांना मराठीत उत्तर देई. दुसऱ्याच्या भाषेत दोन शब्द बोलणे, हा त्या पिढीचा नमस्कार होता. चहाच्या गाड्यावर तर आपण कोणालाही 'काय मालक?' म्हणतो. आम्ही जन्मभर मालकांशी भांडलो, आणि रस्त्यात जो तो आम्हांलाच मालक म्हणतो! दोस्तांतला 'काय बे' हाही प्रेमाचाच शब्द आहे. तोच अनोळखी म्हाताऱ्याला लावला तर अपमान होतो. कोणाला कोणता शब्द लावावा याची जाण म्हणजे रीतभात.

ही जाण पोरांनी शिकायची कोठे? गिरणीच्या खात्यात नवा बदली कामगार आला की जुना त्याला काम शिकवी, आणि कामाबरोबर बोलणेही शिकवी. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगा गेला, खाते गेले, तो म्हातारा शिक्षकही गेला. आज पोरगा यंत्रमागावर बारा तास उभा असतो. तिथल्या खडखडाटात माणसाला माणसाचा शब्द ऐकू येत नाही. हाक मारायची तर ओरडावे लागते. मग आपण विचारतो, हा एवढ्या मोठ्याने का बोलतो?

आता वडीलधाऱ्यांकडे वळू. विडीच्या कारखान्यात माल द्यायला गेलेल्या साठ वर्षांच्या बाईला छाट काढणारा कारकून 'ए' म्हणून हाक मारतो, हे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. तिच्या दिवसभराच्या विड्यांतून मूठभर विड्या तो बाजूला फेकतो आणि तिने काही विचारले की 'जास्त बोलू नको' म्हणतो. शेजारी तिचा नातू टोपली घेऊन उभा असतो. त्या नातवाला विनयाचा कोणता धडा मिळाला? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

शिवाय आता एक नवा जोहार निघाला आहे. घरपोच जेवण आणि सामान पोचवणारी पोरे आपण रोज पाहतो. उन्हात तीन जिने चढून पोरगा येतो. आपण दार अर्धे उघडून पिशवी ओढून घेतो. पाणी विचारीत नाही, नाव विचारीत नाही. आणि तो मात्र हसून म्हणतो, "सर, पाच स्टार द्या." हे हसू मोजले जाते. कमी पडले तर उद्याच्या कामावर गदा येईल, ही भीती त्या हसण्यामागे असते. ज्या घरातून 'पोरांना अदब राहिली नाही' अशी तक्रार निघते, त्याच घरात ही भ्यालेली अदब रोज पैशाने विकत घेतली जाते. ती आपल्याला गोड वाटते, कारण ती खालून वर येते.

तरुण मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. ताठ मान आणि मऊ शब्द यांचे वैर नाही. मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. दर रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, अशा मागण्या त्यात होत्या. अर्जात शिवी नव्हती, आणि लाचारीही नव्हती. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी आरामात बसून तरुणांच्या वागण्यावर जी चर्चा करतो, ती त्या सभ्य अर्जाच्या पुण्याईवर! वाटाघाटीच्या मेजावर आम्ही तीस वर्षे एकच गोष्ट शिकलो. जो ओरडतो त्याच्या ओरडण्याचीच चर्चा होते आणि मागणी बाजूला पडते. जो शांतपणे 'साहेब, कागद दाखवा' म्हणतो, त्याला साहेब घाबरतो. विनय हे दुबळ्याचे दागिने नव्हेत. ते भांडणाऱ्याचे हत्यार आहे.

तुमच्यात विनय उरलाच नाही, असेही आम्ही मानीत नाही. त्याने वेष बदलला आहे. गिरणीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. हातावर घट्टे पडून बोटांचे ठसे पुसट झालेले असतात. यंत्र ते ओळखत नाही आणि जिवंत माणूस जिवंत ठरत नाही. अशा वेळी एखादे पोरगे पुढे येते. पाया पडत नाही, 'आजोबा' म्हणतेच असे नाही. आपला मोबाईल म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासमोर धरते, "पापणी हलवा" म्हणते, दाखला काढून देते आणि निघून जाते. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. हा नमस्कार नव्हे तर काय?

त्या मुलाच्या प्रकरणानंतर आमच्या कचेरीत आम्ही तीन नियम केले. येणाऱ्याला आधी खुर्ची. मग नाव विचारायचे आणि वय अठरा असले तरी 'तुम्ही' म्हणायचे. आणि त्याचे सांगणे संपेपर्यंत आपले तोंड उघडायचे नाही. तिसरा नियम आम्हांला अजून जड जातो. पण एक गंमत सांगतो. 'तुम्ही' म्हटलेली पोरे दुसऱ्या भेटीत चपला आपणहून बाहेर काढू लागली. आम्ही तसे कधी सांगितले नव्हते.

मंडळी, आज दुपारपासून सात-आठ पोरे या खुर्च्या मांडीत होती. आपण येऊन बसलो, आणि ती आता मागे भिंतीला टेकून उभ्याने ऐकत आहेत. ती जागा आमच्या फार ओळखीची आहे. आपल्यापैकी कितीजणांनी त्यांना नावे विचारली? आम्हीही विचारली नाहीत. सभा संपल्यावर खुर्च्या गोळा करायला आम्ही थांबणार आहोत, तेव्हा विचारू. ज्यांना घाई नसेल त्यांनीही थांबावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.