फसलेल्या गोधड्या आणि जनीचं जातं

आज आम्ही आमचीच फजिती सांगणार आहोत. त्याच खड्ड्यात तुम्ही पडू नये, म्हणून.

गेल्या वर्षी आमच्या गटानं गोधड्या विकायचं ठरवलं. बचतीतले ६,००० रुपये काढले, परभणीहून नवं कापड आणि दोरा आणला. दहा जणींनी १२ गोधड्या शिवल्या. प्रदर्शनात खपल्या फक्त २. त्यातली एक पहिल्याच धुण्यात आकसली, तिचा रंग पसरला. घेणारीनं ती परत पाठवली. पुढच्या बैठकीत भांडण झालं. दोरा कुणी आणला, घाई कुणी केली, यावरून दोघी जणी गट सोडायला निघाल्या.

तेव्हा आमच्यातल्या थोरल्या आजी म्हणाल्या, "गोधड्या इथं आणा, उसवून बघू."

उसवल्यावर एकेक गोष्ट दिसली. नवं कापड आधी धुऊन घेतलं नव्हतं, म्हणून ते आकसलं. थर अंथरल्यावर लांब कच्चे टाके घालून ते बांधून घ्यावे लागतात. आम्ही तसं केलं नाही, म्हणून मधोमध फुगे आले. एकीचा टाका बारीक, दुसरीचा बोटभर. एका गोधडीला किती दिवस गेले हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळं भाव अंदाजानंच सांगितला. या सगळ्या चुका वहीत लिहिल्या. नाव मात्र कुणाचंच लिहिलं नाही. भांडण तिथं थांबलं.

उसवलेलं कापड उरलं होतं. आजींनी त्यात घरातली जुनी लुगडी मिळवली आणि एक गोधडी अंथरली. म्हणाल्या, "ही विकायची नाही. ज्या बाईला जे सुचेल ते तिनं शिवावं." एकीनं बाभळीचं झाड काढलं, एकीनं आईच्या लुगड्याचं ठिगळ लावलं. एकीची चिमणी वाकडीच झाली, पण तिनं ती उसवली नाही. दुसरी म्हणाली, "विकायची नाही, तर मग शिवायची कशाला?"

या प्रश्नावर आम्हाला आपली जनाबाई आठवली. जनी आपल्या गंगाखेडची. लहान वयात पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेली आणि नामदेवांच्या घरची दासी म्हणून राहिली. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा, सगळं तिच्याच अंगावर. अभंगांचे तिला कुणी पैसे देत नव्हतं, आणि अभंग झाले म्हणून दळण काही कमी होत नव्हतं. तरी तिच्या नावावर आज ३०० हून अधिक अभंग आहेत. शेकडो वर्षं झाली, वारीत ते अजून म्हटले जातात.

आपल्या आया-आज्यांचंही तसंच. पहाटे जात्यावर बसून त्यांनी सासर-माहेर, भाऊ, विठ्ठल, सगळं ओवीत घातलं. ऐकायला असलीच तर समोर बसलेली जोडीदारीण. गिरणी आली आणि जाती कोपऱ्यात गेली. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सोबत्यांना घेऊन १,००० हून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायांनी ओव्या रचल्या तेव्हा कुणी लिहून घेईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. मन मोकळं व्हावं म्हणून त्या गायल्या.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. "तुम्हाला आवड आहे ना, मग पैसे कशाला?" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. विक्रीच्या गोधडीचे दिवस मोजा, दोरा-कापड मोजा आणि पुरता भाव मागा. आमची एक वही त्यासाठीच आहे. पण आपल्या जिवासाठी केलेलं काम त्या वहीत लिहू नका. तिथं चुकायला भीती नाही, आणि कुणाला पसंत पडलं नाही तरी बिघडत नाही.

उरलेल्या गोधड्यांपैकी ५ दुरुस्त झाल्या, ४ विकल्या गेल्या. बचतीचे पैसे अजून पुरते वसूल झालेले नाहीत, ते आम्ही हप्त्यानं भरतोय. सोडून निघालेल्या दोघी गटातच आहेत. आणि ती वाकड्या चिमणीची गोधडी दर महिन्याला एकीच्या घरी मुक्कामाला जाते.

तुमच्याही घरात जुनं लुगडं असेल, एखादी अर्धवट ओवी आठवत असेल. या आठवड्यात एक संध्याकाळ तिला द्या. जमलं नाही तरी पुढच्या बैठकीत सांगा, आम्ही ऐकू.