समायोजन म्हणजे निमूट सोसणं नव्हे

(पनवेल येथे महिला गटांच्या शिबिरात एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत हा स्वतंत्र विषय नाही. अकरावी-बारावीला तो ऐच्छिक असतो. माझ्या वर्गात बहुतेक मुलीच. कुणी कळंबोलीहून येते, कुणी आसपासच्या गावातून एसटीने. ‘मानसशास्त्र घेतलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं’, अशी बऱ्याच जणींची समजूत असते. ती दूर करण्यातच पहिला महिना जातो. मग बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व, भावना, ताण, मानसिक विकृती असं आम्ही एकेक शिकतो.

एकदा चाचणीत मी विचारलं, ‘समायोजन म्हणजे काय? उदाहरण द्या.’ एकीने लिहिलं होतं, ‘समायोजन म्हणजे जुळवून घेणे. उदा. माझ्या ताईला सासरी मारतात, पण ती कुणाला काही सांगत नाही. आई म्हणते, पोरगी शहाणी झाली.’ (तिला विचारूनच हे सांगते आहे.)

माझ्या हातातलं लाल पेन थांबलं. चूक तिची नव्हती. ‘परिस्थितीशी जुळवून घेणे’ ही व्याख्या वर्षानुवर्षं मीच वर्गात लिहून देत होते. लग्न ठरल्यापासून मुलीच्या कानावर जे पडतं, तेच मी शास्त्राच्या नावाने सांगत होते.

दुसऱ्या दिवशी तो धडा पुन्हा घेतला. समायोजन म्हणजे आपल्या गरजा आणि भोवतालची परिस्थिती यांचा मेळ घालणं. त्यासाठी कधी स्वतःला बदलावं लागतं, कधी परिस्थितीला. हा दुसरा अर्धा भाग आपण मुलींना सांगतच नाही. लाझारस आणि फोकमन या अभ्यासकांनी 1984 साली ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले : एक भावना सावरण्याचा, दुसरा मूळ प्रश्नालाच हात घालण्याचा. नळाला पाणी येत नसेल तर चिडचिड आवरून रांगेत उभं राहणं हा पहिला मार्ग. रिकामे हंडे घेऊन कचेरीवर जाणं हा दुसरा. दोन्ही लागतात. पण बाईच्या वाट्याला पहिलाच का?

‘मग ती घर सोडून का जात नाही?’ हा प्रश्न आपल्या गटांतही ऐकू येतो. अमेरिकेत 1967 च्या सुमारास सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना, काही केलं तरी टळणार नाहीत असे विजेचे धक्के दिले. नंतर लहानसा अडसर ओलांडून सुटका शक्य असतानाही त्यांतले बरेचसे जागीच बसून राहिले. प्रयोग क्रूरच होता. पण ज्यांना माणसांनी पुन्हा पुन्हा ओढून पलीकडे नेलं, ते पुढे आपणहून उडी मारू लागले. 2016 साली याच दोघांनी आपलं म्हणणं सुधारलं. लाचारी शिकावी लागत नाही, आपल्या हातात काही आहे हे शिकावं लागतं, असं त्यांनी मांडलं. बाई म्हणजे प्रयोगातलं जनावर नव्हे. तिला पैसा, मुलं, निवारा यांचाही विचार करावा लागतो. तरी पलीकडून कुणाचा तरी हात यावा लागतो, एवढं मात्र खरं.

याचा अर्थ मनाचे आजार नसतातच असा नाही. नैराश्य हा खरा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मी फळ्यावर लिहून ठेवते. मात्र मार खाणाऱ्या बाईला फक्त झोपेची गोळी देऊन परत पाठवणं हा उपचार नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाच मानला आहे. ताणाच्या धड्याशेजारी हा कायदाही मुलींना कळायला हवा.

तास संपल्यावर त्या मुलीने विचारलं, ‘बाई, मग ताईला काय सांगू?’ तिचं उत्तर पुस्तकात नव्हतं. ते तुमच्याजवळ आहे. पोलीस चौकीत काय बोलायचं, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज कसा द्यायचा, रात्री कुणाचं दार वाजवायचं, हे तुम्ही जाणता. म्हणून मागणं एवढंच : वर्षातून एक तास आमच्या वर्गावर या. ‘समायोजन’चा राहिलेला अर्धा धडा तुम्ही घ्या.