पुसलेली छायाचित्रे आणि ग्रंथालयाची सूची



ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी आपल्या स्मृती फार निगुतीने जपल्या आहेत. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी येथे स्थिरावली व तिचे लष्कर शहर झाले. तेव्हापासूनची पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि पुढे छायाचित्रे पेट्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज तीच ठेव नखाएवढ्या कार्डावर उतरते आणि एका चुकीच्या बटणाने नाहीशी होते.

थाटीपुरातील एखाद्या घरी आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा व्हावा, नातवाने शेकडो छायाचित्रे काढावीत आणि दुसऱ्या दिवशी नको असलेली एक-दोन पुसताना सारीच पुसली जावीत, असे घडणे अशक्य नाही. सोहळा पुन्हा करता येत नाही. कित्येकदा तर आजीही राहत नाही. अशा वेळी मनुष्य हताश होतो. परंतु हताश होण्यापूर्वी कार्डात नेमके काय घडले, हे समजून घेणे हिताचे ठरते.

ग्रंथालयाचेच उदाहरण घ्यावे. कपाटात पुस्तक असते आणि सूचीच्या खणात त्याचे कार्ड असते. कोणी ते कार्ड काढून घेतले, तर पुस्तक सापडत नाही; पण ते कपाटातच असते. त्या जागी दुसरे पुस्तक ठेवले गेले, म्हणजे मात्र पहिले खरोखर गेले. कॅमेऱ्याच्या कार्डावर प्रायः असेच होते. लहान कार्डांवर ‘फॅट’ नावाची नोंदपद्धत असते. चित्र पुसले की त्याच्या नावाचे पहिले अक्षर बदलून एक खूण केली जाते आणि ती जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. चित्राचा मजकूर तसाच पडून राहतो.

म्हणून पहिला नियम असा, की चूक ध्यानात येताच त्या कार्डावर एकही नवे चित्र काढू नये. कार्ड बाहेर काढावे, त्याच्या कडेला असलेली कुलपाची लहानशी पट्टी सरकवावी आणि ते कार्ड-वाचकातून संगणकाला जोडावे. शक्य असल्यास आधी संपूर्ण कार्डाची हुबेहूब प्रत करून घ्यावी व पुढील शोध त्या प्रतीवर करावा. ‘फोटोरेक’ हा विनामूल्य कार्यक्रम सूचीकडे पाहतच नाही. तो थेट कपाटे तपासतो. प्रत्येक जेपेग चित्राच्या आरंभी ठराविक खूण असते, तिच्यावरून चित्र ओळखले जाते. मूळ नावे परत मिळत नाहीत आणि तुकड्यातुकड्यांनी साठविलेली चित्रे अर्धवट येऊ शकतात. सापडलेली चित्रे त्याच कार्डावर कधीही ठेवू नयेत. तसे केल्यास उरलेली पुसली जातील.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काही कॅमेऱ्यांत ‘लो-लेव्हल फॉरमॅट’ केल्यास सारे कपाटच रिकामे होते. भ्रमणध्वनीच्या अंतर्गत साठ्यात मजकूर सांकेतिक स्वरूपात असतो आणि मोकळी जागा लवकर साफ केली जाते. तेथे आशा थोडी. मात्र पुष्कळ भ्रमणध्वनींत पुसलेली चित्रे काही दिवस वेगळ्या कप्प्यात राहतात. तो कप्पा आधी पाहावा. कार्डच तुटले वा बिघडले असेल, तर घरगुती प्रयोग न करता जाणकाराकडे जावे.

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनविला, तेव्हा एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आता चित्र क्षणात उमटते आणि क्षणात पुसले जाते. ग्रंथपालाला ठाऊक असलेले शहाणपण येथेही उपयोगी पडते: दुर्मिळ ग्रंथाची एकच प्रत एकाच कपाटात ठेवू नये. घरच्या चित्रांच्या दोन प्रती निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक दुसऱ्या गावी, लेकीकडे वा भावाकडे असावी. निवडक चित्रे कागदावरही उतरवून, मागे नावे व तारीख लिहून ठेवावीत. पन्नास वर्षांनी कोणी ती पेटी उघडील, तेव्हा आजीला ओळखणारे कोणी नसले तरी तिचे नाव तिथे असेल.