प्लेटलेटदान आणि दात्याचे रक्त
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जुहू येथे केलेले भाषण)



गतवर्षी आपल्या ज्ञातीतील एक कुटुंब गावाहून आपल्या मुलाला घेऊन परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आले होते. कर्करोगावरील औषधांनी मुलाच्या रक्तातील प्लेटलेट फार घटल्या होत्या आणि मुंबईत त्यांचे जवळचे असे कोणी नव्हते. माझा पुतण्या प्लेटलेट देण्यास निघाला, तेव्हा त्याला उंबऱ्यावर अडविणारा मीच होतो. "अरे, तुझ्याच अंगात कमी पडल्या तर?" असे मी म्हणालो. त्याने माझे ऐकले नाही, हे बरे झाले. त्यानंतर या विषयाची मी जी माहिती करून घेतली, ती आपणांपुढे ठेवतो.

प्लेटलेटना मराठीत रक्तबिंबिका म्हणतात. वाहते रक्त थांबविणे हे त्यांचे कार्य. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. त्यांचे आयुष्य अवघे आठ-दहा दिवसांचे. म्हणून अस्थिमज्जा नव्या बिंबिका नित्य घडवीत असते. आपण दिल्या नाहीत, तरी त्या नष्ट होणारच!

दानाच्या वेळी यंत्र दात्याचे रक्त घेऊन त्यातील बिंबिका वेगळ्या काढते व तांबड्या पेशी परत देते. यास तास-दीड तास लागतो. एका दानाने दात्याची संख्या साधारणतः वीस ते तीस टक्क्यांनी उतरते. म्हणजे अडीच लाखांची दोन किंवा पावणेदोन लाख होते. ही घटही टिकत नाही. प्लीहेत सुमारे एक तृतीयांश बिंबिकांचा साठा असतो, तो उपयोगी पडतो. मज्जाही उणीव भरून काढते आणि बहुधा आठवड्याच्या आत संख्या पूर्ववत होते. यंत्राच्या नळ्यांत थोडे रक्त राहत असल्याने हिमोग्लोबिनही किंचित उतरते.

दात्याच्या रक्षणासाठी नियम आहेत. संख्या दीड लाखांहून कमी असल्यास दान घेत नाहीत. दोन दानांत निदान ४८ तासांचे अंतर हवे. आठवड्यात दोनदांहून व वर्षात २४ वेळांहून अधिक दान नाही.

त्रास मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या येतात. तसे परिचारिकेला लगेच सांगावे. वर्षानुवर्षे वारंवार दान करणाऱ्या काहींच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कमी आढळल्या आहेत. त्यामुळे अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तरीही उत्साहाच्या भरात एकाच दात्यावर भार टाकू नये, हा बोध त्यातून घ्यावा.

आणि येथेच मंडळाचे कर्तव्य सुरू होते. काढलेल्या बिंबिका सामान्यतः पाचच दिवस टिकतात. धान्यासारखी त्यांची साठवण होत नाही. म्हणून दाते सिद्ध हवेत, आणि पुष्कळ हवेत. मंडळाच्या दप्तरी एक वही ठेवावी व तीत इच्छुक तरुण-तरुणींची नावे, रक्तगट व दूरध्वनी क्रमांक लिहावेत, अशी माझी सूचना आहे. जुहूपासून परळपर्यंत जाण्यास माणूस हाकेसरशी मिळाला पाहिजे.

वयाची साठी उलटल्यामुळे माझ्याकडून आता हे दान घेतले जाणार नाही. वही लिहिण्याचे काम मात्र मी आनंदाने करीन. पहिले नाव माझ्या पुतण्याचे लिहितो. पुढची ओळ आपणांसाठी मोकळी आहे.