दोन मुलींची आई व शाळेचा हजेरीपट
(केंद्रातील शिक्षकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या बाईच्या हातून मुलगी न्हाऊन, वेणीफणी करून, दोन घास खाऊन शाळेच्या दारापर्यंत येते, त्या बाईची व शिक्षकांची गाठ वर्षातून फार तर दोनदा पडते : एकदा दाखल्यासाठी आणि एकदा तक्रारीसाठी. आजचे हे चार शब्द त्या बाईविषयी आहेत.

कापसाच्या मुलखातील एखादे खेडे डोळ्यांपुढे आणावे. सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, तीन एकर कोरडवाहू जमीन, घरात थकलेली सासू, नवरा आपले शेत आटोपून दुसऱ्याच्या शेतावर जाणारा, आणि दोन मुली. मोठी सातवीत, धाकटी चौथीत. त्यांची नावे सांगण्याचे कारण नाही. असे घर बहुतेक प्रत्येक शिक्षकास आपल्याच पटावर सापडेल.

या घरातील आईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. अंगणझाड, पाणी, भाकरी, सासूचा चहा, शेळीचा चारा ही कामे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांची यादी करीत बसणे नको. लक्षात घ्यावयाचे आहे ते वेण्यांचे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही मुली एकीमागे एक आईपुढे बसत, आणि आई दोघींच्याही वेण्या घाली. तेवढा पाव तास त्या घरात बोलण्याचा असे. काल शाळेत काय झाले, कोणाशी भांडण झाले, कोणते गणित अडले, हे सारे आईस त्या पाव तासात कळे. पुढे मोठीचा हात बसला. ती स्वतःची वेणी घालू लागली, मग धाकटीचीही घालू लागली. आईस कौतुक वाटले आणि ते वाटणारच. पोर हाताशी आली, असे शेजारणींनीही म्हटले. परंतु ‘हाताशी येणे’ या दोन शब्दांत किती गोष्टी मावतात, हे कोणी मोजले नाही. वेणीमागून पाणी आले, पाण्यामागून भांडी आली, भांड्यांमागून सासूचे जेवण आले. एकेक काम लहान होते. मोठीने एकदाही तोंड वाकडे केले नाही, आणि म्हणूनच ते कोणाच्या ध्यानी आले नाही.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून जितका वेळ हात चालेल तितके पैसे पदरात पडतात. दव उतरले की बायका वावरात शिरतात. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस साठत जातो, आणि वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना टोचून संध्याकाळपर्यंत नखांच्या कडा सोलून निघतात. वर्षभराचे तेल-मीठ, वह्या, दवाखाना यांचा पुष्कळसा आधार या दोन-अडीच महिन्यांच्या मजुरीवर असतो. अशा दिवसांत आईने घरी राहावे, असे सांगणाऱ्याने तिची मजुरीही भरून देण्याची तयारी ठेवावी.

नोव्हेंबरअखेर शाळेत पालकांची सभा झाली. धाकटीने महिनाभर एकही दिवस चुकविला नव्हता, म्हणून तिला सर्वांसमोर एक वही व पेन बक्षीस मिळाले. आईचा चेहरा फुलला. सभा संपल्यावर वर्गाच्या बाईंनी तिला थांबवून घेतले व दोन्ही वर्गांचे हजेरीपट तिच्यापुढे उघडून ठेवले. बाईंनी एक शब्दही ठपक्याचा उच्चारला नाही. आई स्वतः चौथी शिकलेली. तिने बोट ठेवून धाकटीची ओळ पाहिली. ती अखंड होती. मग मोठीच्या ओळीवरून बोट फिरविले. नऊ ठिकाणी गैरहजेरीची खूण होती. तारखा तिला वाचता आल्या, आणि त्या तारखांना आपण कोणाच्या वावरात होतो हेही आठवले. धाकटीला न्हाऊ घालून, डबा भरून, शाळेच्या वाटेस लावणारी त्या नऊ दिवशी दुसरी कोण होती? धाकटीच्या बक्षिसाची किंमत मोठीच्या ओळीत मांडलेली होती.

येथे क्षणभर थांबावयास हवे. शाळेच्या दृष्टीने हा दोन वर्गांतील दोन विद्यार्थिनींचा प्रश्न असतो. एक नियमित, दुसरी अनियमित. एकीस शाबासकी व दुसरीस ताकीद असा त्याचा निकाल लागतो. घराच्या दृष्टीने तो एकच प्रश्न आहे. थोरल्या मुलीवर धाकट्या भावंडांचा भार पडतो आणि त्यामुळे तिची शाळा बुडते, ही गोष्ट ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखली होती. बोर्डी येथे १९४५ साली सुरू झालेले त्यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडला गेले, आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याचा प्रयोग झाला, तो याच जाणिवेतून. लहानग्याला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला तेथेच सोडून आपल्या वर्गात बसू शके. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली, तिच्यामागचा विचारही हाच. मूल शाळेत का येत नाही, हे विचारण्यापूर्वी ते त्या वेळी कोठे असते हे जाऊन पाहावे, असा तो विचार होता. अंगणवाडी आज गावोगाव आहे. परंतु दहा वर्षांची धाकटी व सत्तरीची आजी यांची सोय अंगणवाडीत होत नाही. ती घरातच लावावी लागते.

त्या रात्री आईने काय केले? रागावणे तर शक्यच नव्हते, कारण रागवावयाचे कोणावर? जेवणे झाल्यावर तिने नवऱ्यापुढे विषय काढला. सकाळचे पाणी त्याने भरावे, असे ठरले. पुरुषाने डोक्यावर हंडा घेतला तर लोक काय म्हणतील, ही अडचण सायकलला दोन्ही बाजूंस कॅन बांधून सुटली. सासू म्हणाली, “मले का धाड भरली? माह्या ताटात मी घीन वाढून.” आजवर तिला कोणी विचारलेच नव्हते. धाकटीने आपली वेणी आपण घालावयाची, असाही निर्णय झाला. पहिले आठ दिवस ती वेणी एका बाजूस कललेली होती. बाईंनी ती पाहिली व काही बोलल्या नाहीत, हे त्यांनी बरे केले.

एवढ्याने सर्व सुरळीत झाले, असे मात्र सांगता येणार नाही. डिसेंबरात आभाळ भरून आले, भिजलेल्या कापसाला भाव येत नाही, आणि फुटलेले वावर तसेच सोडणे आईच्या जिवावर आले. दोन दिवस मोठी पुन्हा घरी राहिली. फरक एवढाच की या वेळी आईने स्वतः शाळेत जाऊन तसे सांगितले, आणि बाईंनी त्या दोन दिवसांचे धडे दुपारच्या सुटीत करून घेतले. हजेरीच्या आकड्याला हा फरक दिसत नाही. मुलीला तो दिसतो.

त्याच हिवाळ्यात मोठी वयात आली. या वेळी आईची खरी परीक्षा झाली, कारण तिची स्वतःची शाळा सुटली होती ती पुढच्या गावी पाठवावयाचे नाही म्हणून, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तिला चार दिवस कोपऱ्यात बसविले गेले होते. सासूने तोच रिवाज सुचविला. आईने वाद घातला नाही. मुलीस अंघोळ घालून, काय होत आहे व का होते हे आपल्यास ठाऊक होते तितके सांगून, तिसऱ्या दिवशी शाळेत धाडले. जे तिला सांगता आले नाही, ते बाईंनी सांगितले. ग्रामीण मुलींना स्वस्तात सॅनिटरी पॅड मिळावेत म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली अस्मिता योजना सुरू झाली होती. परंतु योजना कोणतीही असो, शाळेच्या स्वच्छतागृहास आतून कडी, बादलीत पाणी व वापरलेले टाकावयास जागा नसेल, तर त्या चार दिवसांत मुलगी घरीच राहते. मुख्याध्यापकांनी एकदा स्वतः ती कडी लावून पाहावी.

अन्नाची गोष्टही याच वयाशी निगडित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९–२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. या घरात आई सर्वांमागून जेवते, आणि आईचे पाहून मोठीही मागून जेवू लागली होती. शाळेत आठवड्यास मिळणारी लोहाची निळी गोळी तिने दोनदा चुपचाप फेकून दिली, कारण पहिल्या गोळीने मळमळले व शौचास काळे झाले, ती घाबरली. हे आईस कळले ते पुन्हा वेणीच्या वेळीच, कारण रविवारी तरी दोघींच्या वेण्या आपण घालावयाच्या, असे तिने आता ठरविले होते. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, काळा रंग लोहाचा असतो, त्यात भिण्यासारखे नाही, जेवणावर लगेच चहा घेऊ नये, भाजीवर लिंबू पिळावे, एवढे दोन मिनिटांत सांगता येते. गोळी वाटताना ते सांगितले जाते का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

दोघी बहिणींची भांडणे पुष्कळ होतात. धाकटीचा कायमचा गाऱ्हाणे-विषय म्हणजे ताईचे उतरलेले कपडे. ताईचे गाऱ्हाणे हे की धाकटीस ओरडा मिळत नाही. आई दोघींचे ऐकते व पुष्कळदा दोघींनाही उत्तर देत नाही. नातलगांचे प्रश्न निराळे असतात. दोन मुलींवर थांबलात कसे, हा एक. आणि मोठीचे कधी बघता, हा दुसरा. तेरा वर्षांच्या मुलीविषयी हा प्रश्न विचारला जातो, यात नवल नाही. वर सांगितलेल्या पाहणीतच राज्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. सातवीनंतर गावात शाळा नसते आणि पुढच्या गावाची वाट लांब असते. मुलगी घरी बसली की तिसऱ्या महिन्यास स्थळ येते.

म्हणून जानेवारीत, वेचणी सरत आलेली असता, या आईने एक दिवसाची मजुरी बुडवून पुढच्या गावची माध्यमिक शाळा पाहून येण्याचे ठरविले. ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एस. टी.चा मोफत पास मिळतो, हे बाईंनी तिला सांगितले होते. परंतु पास गाडीत चढल्यावर उपयोगी पडतो. फाट्यापर्यंतची दीड किलोमीटर वाट पायीच चालावी लागते. ती वाट ती सकाळी चालली. शाळा पाहिली, स्वच्छतागृह पाहिले, आठवीच्या वर्गात मुली किती आहेत ते दारातून मोजले. परतीची गाडी संध्याकाळी सहाला फाट्यावर आली. थंडीचे दिवस, अंधार पडावयास लागलेला. तुरीच्या वावरांमधून जाणाऱ्या त्या वाटेवर एकही दिवा नव्हता.

घरी आल्यावर तिने चूल पेटविली नाही. आधी ती सातवीतील आणखी तीन मुलींच्या घरी गेली, आणि तिघींच्या आयांना विचारले की जूनपासून संध्याकाळी फाट्यावर जाण्याची पाळी कोणाची कोणत्या वारी असावी. सोमवार तिने आपल्याकडे घेतला. गुरुवारचा प्रश्न तेवढा अजून सुटलेला नाही, कारण त्या दिवशी बाजार असतो.